सौर ऊर्जेवर घरातील ए.सी.: हिशेब एप्रिल-मेचा करा

कुंडल, पलूस, तासगाव पट्ट्यात द्राक्षाची खरड छाटणी आणि चाळिशीकडे जाणारा पारा एकाच वेळी येतात. दिवसभर तापलेला आरसीसी स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो आणि पहाटे तर बागेत पोहोचायचे असते. त्यामुळे गावातील घरांतही आता ए.सी. येऊ लागला आहे. मग प्रश्न येतो, छतावर सोलर बसवले तर तो फुकटात चालेल का? चालेल, पण त्याचा हिशेब नीट समजून घ्यावा लागतो.

आधी एक घोळ मिटवू. ‘इन्व्हर्टर’ हा शब्द तीन वेगवेगळ्या वस्तूंसाठी वापरला जातो. इन्व्हर्टर ए.सी. म्हणजे ज्याचा कॉम्प्रेसर गरजेनुसार हळू किंवा जोरात फिरतो. सोलर इन्व्हर्टर पॅनेलची वीज घराच्या विजेत बदलतो. घरातील बॅटरीचा इन्व्हर्टर ही तिसरी वस्तू. इन्व्हर्टर ए.सी. घेतला म्हणजे लाइट गेल्यावरही तो चालेल, असे नाही. नेट मीटरवर जोडलेले साधे सोलरसुद्धा लाइट गेली की भर उन्हात बंद पडते. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

ए.सी. रात्री चालतो, ऊन दिवसा पडते. ही सांगड नेट मीटर घालतो. दिवसाची जादा वीज महावितरणकडे जाते आणि रात्री वापरलेल्या युनिटमधून ती वजा होते. बॅटरीवर हेच करायचे ठरवले तर खर्च फार वाढतो. 150 अँपिअर-अवरच्या 12 व्होल्ट बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात, हाती त्याहून कमी येतात. रात्रभर ए.सी. चालवायला अशा चार-पाच बॅटऱ्या लागतील. पंखे-दिव्यांसाठी एक बॅटरी ठेवा, ए.सी.साठी नको.

आता महत्त्वाचा मुद्दा. महाराष्ट्रात नेट मीटरवरील शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण 31 मार्चपर्यंतच. आर्थिक वर्ष संपले की उरलेली युनिट महावितरण ठरलेल्या, घरगुती दरापेक्षा कमी दराने विकत घेते आणि खाते पुन्हा शून्यावर येते. म्हणजे हिवाळ्यात साठलेले ऊन ए.सी. सुरू व्हायच्या तोंडावरच निघून जाते. म्हणून पॅनेलची क्षमता वर्षाच्या सरासरीवर ठरवू नका. एप्रिल आणि मेची गरज त्याच महिन्यांच्या उत्पादनातून भागली पाहिजे.

पंचतारांकित दीड टनी इन्व्हर्टर ए.सी. 26 अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला, तर खोली थंड झाल्यावर तासाला साधारण 0.6 ते 0.7 युनिट धरा. आठ तासांचे झाले 5 युनिट. फ्रिज, पंखे, टीव्ही, मिक्सर मिळून आणखी 5 धरू. दिवसाला 10 युनिट. एक किलोवॉट पॅनेल उन्हाळ्यात रोज सुमारे 4 युनिट देते. ऊन कडक असले तरी पॅनेल तापले की उत्पादन थोडे घटते. तेव्हा 3 किलोवॉट पुरेसे आहे. एका ए.सी.साठी 5 किलोवॉट गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्याला हा हिशेब दाखवा. पीएम सूर्यघर योजनेचे केंद्रीय अनुदानही 3 किलोवॉटलाच 78 हजार रुपयांवर थांबते.

ए.सी. घेताना केवळ तारे मोजू नका. ताऱ्यांचे निकष अधूनमधून बदलतात, त्यामुळे जुन्या साठ्यातील पाच तारे आणि नवे पाच तारे सारखे नसतात. लेबलवरील वार्षिक युनिटचा आकडा पाहा. तो 1600 तासांच्या वापरावर काढलेला असतो. एक अंश तापमान वाढवले की सुमारे 6 टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो.

सर्वात स्वस्त उपाय मात्र छतावरच आहे. बेदाण्याच्या रॅकवर शेडनेट का लावतो, हे आपल्याला सांगायला नको. पॅनेल थोडे उंच सांगाड्यावर, नेमके झोपायच्या खोलीच्या वर, दक्षिणेकडे तोंड करून बसवले तर वीज आणि स्लॅबला सावली दोन्ही मिळते. उरलेल्या स्लॅबला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग द्या. गळीत हंगामात पाचट जाळल्याची काजळी पॅनेलवर बसते. ती सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

कागदपत्रांत अडकतात ती एकत्र कुटुंबे. मीटर अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या. मंजूर भारही तपासा. एक किलोवॉटच्या जोडणीवर ए.सी. बसवला असेल तर भार वाढवून घ्यावा लागतो. ए.सी.ला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच.

शेतपंपाची सवलतीची वीज घरातील ए.सी.ला वापरू नका. ती जोडणी फक्त शेतीसाठी असते आणि तपासणीत सापडल्यास दंड होतो. कृषी सहायकांनी सौर पंपाची माहिती देताना हे आवर्जून सांगावे, कारण शेतातले सोलर घरापर्यंत ओढता येईल का, अशी विचारणा गावोगावी होते.