काउंटीचं कर्ज आणि कायद्याचा लगाम

अमेरिकेतल्या एखाद्या राज्यात छोट्या काउंट्यांची कर्जमर्यादा सैल करायचा विषय निघाला, की ‘आता ऋण काढून सण’ अशी ओरड होते. धोका खोटा नाही. पण ओरडणारे तो बहुधा भलत्याच जागी शोधत असतात.

गैरसमज : काउंटी म्हणजे आपला जिल्हा, बुडाली तर सरकार आहेच.
आपला कलेक्टर सरकार नेमतं. काउंटीचा कारभार मात्र लोकांनी निवडलेलं मंडळ पाहतं आणि मालमत्ता कर हा तिच्या उत्पन्नाचा मोठा आधार असतो. अधिकार राज्याने दिलेले असले, तरी कर्ज तिचं तिनेच फेडायचं असतं.

गैरसमज : ही मर्यादा म्हणजे निव्वळ सरकारी आडमुठेपणा.
तिच्यामागे रेल्वेचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात रूळ आपल्याकडून जावेत म्हणून काउंट्यांनी रोखे काढून रेल्वे कंपन्यांना पैसा पुरवला. मिसुरीतल्या सेंट क्लेअर काउंटीत रेल्वे आलीच नाही, रोखेधारक मात्र वसुलीला आले. केंद्रीय न्यायालयाने कर लावायचा हुकूम दिला. तिथला कारभार पाहणाऱ्यांना ‘न्यायाधीश’ म्हणत. त्यांनी कर लावण्यापेक्षा तुरुंगात जाणं पत्करलं! अशा ठेचा खाऊन अनेक राज्यांनी मर्यादा घातल्या. आयोवाने तर १८५७ च्या राज्यघटनेतच कर्ज करपात्र मालमत्तेच्या ५ टक्क्यांवर रोखलं.

गैरसमज : लगाम घट्ट असला की कर्ज होत नाही.
खरी मेख इथे आहे. पाणीपट्टीसारख्या ठरावीक उत्पन्नावर काढलेले रोखे, भाडेकरारातून उभारलेला पैसा, एकेका कामासाठी काढलेल्या स्वतंत्र मंडळांचं कर्ज हे अनेकदा मर्यादेत धरलंच जात नाही. अलाबामातल्या जेफरसन काउंटीने २०११ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा देणं ४ अब्ज डॉलरच्या वर होतं. त्यातला ३ अब्जांहून मोठा वाटा सांडपाण्याच्या व्यवस्थेचा होता. तो पैसा ‘वॉरंट’ नावाच्या कागदांवर उभारला होता आणि त्यांना मतदारांची संमती लागत नव्हती. त्यात लाचखोरी आणि व्याजदरांचे गुंतागुंतीचे सौदे यांची भर पडली. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियातली ऑरेंज काउंटी बुडाली, ती तर बांधकामाच्या कर्जाने नव्हेच. खजिनदार रॉबर्ट सिट्रन यांनी अल्पमुदतीची उसनवारी करून व्याजदरांवर डाव लावला होता. त्यात सुमारे १.६ अब्ज डॉलर गेले.

गैरसमज : मर्यादा सैल झाली की कर्जाचा पूर येईल.
मर्यादा आणि मतदारांची संमती हे दोन वेगळे अडसर आहेत. कॅलिफोर्नियात काउंटीच्या कराच्या हमीवर निघणाऱ्या रोख्यांना दोन-तृतीयांश मतं लागतात. शाळांसाठी ही अट २००० मध्ये ५५ टक्क्यांवर आली. घरं आणि पायाभूत सोयींसाठीही तसंच करावं, हा प्रस्ताव २०२४ मध्ये मतदारांनीच फेटाळला. शिवाय रोखे काढायचे तर वकील, सल्लागार, पतमानांकन हे खर्च रक्कम लहान म्हणून फारसे घटत नाहीत. त्यामुळे छोटी काउंटी परवानगी असूनही बाजारात जायला कचरते.

आणखी एक गोष्ट चर्चेत हरवते. कुठल्या कामासाठी मतदान न घेता किती कर्ज काढता येईल, हे कायद्यात टक्क्यांऐवजी ठरावीक डॉलरमध्ये लिहिलेलं असेल, तर महागाई तो आकडा दरवर्षी कुरतडते. एकेकाळी ज्या रकमेत कचेरीची इमारत उभी राहायची, तिच्यात आज छप्परही बदलून होत नाही. असा आकडा महागाईइतकाच वाढवला, तर काउंटीच्या हाती नवं काहीच पडत नाही.