सकाळी सहाचा मेसेज

रेडिओवरचं भाषण आधी रेकॉर्ड होतं आणि मग केव्हातरी लागतं. माझं भाषण लागतं तेव्हा मी बहुधा केळझरच्या बसस्टॉपवर उभा असतो आणि पानठेल्यावरच्या रेडिओतून माझाच आवाज मला काहीतरी शिकवत असतो. आजचा विषय याच जातीचा आहे. आधी लिहून ठेवायचा आणि ठरल्या वेळी आपोआप जाणारा मोबाइलचा मेसेज. आपण परदेशी गेलो, घड्याळच बदललं, तर त्या मेसेजचं काय होतं?

माझा एक शेतकरी मित्र आहे, शाळेपासूनचा. त्याच्याकडे अजून बटणांचाच फोन. रोज सकाळी सहाला मी त्याला दोन ओळी पाठवतो, बहुतेक थट्टेच्या. गोठ्यातून आला की चहा घेता घेता तो त्या बायकोला वाचून दाखवायचा. दोनच ओळी का? देवनागरीत लिहिलं तर साध्या एका मेसेजमध्ये ७० अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, सगळे वेगळे मोजतात. कंपन्यांचं हे वृत्त आपल्या शार्दूलविक्रीडितापेक्षा कडक आहे.

२०२३ च्या जानेवारीत आम्ही नवराबायको उमऱ्याला निघालो, पंधरा दिवसांसाठी. सौदी अरेबियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. केळझरला सहा वाजतात तेव्हा मक्केत पहाटेचे साडेतीन. त्या वेळी उठून थट्टा कशी सुचणार? भाच्यानं उपाय दाखवला. अँड्रॉइड फोनातल्या गूगलच्या मेसेज ॲपमध्ये २०२१ पासून ही सोय आहे. मजकूर लिहायचा, पाठवण्याच्या बाणावर बोट जरा दाबून धरायचं, की तारीख आणि वेळ विचारतो. (आयफोनला ही सोय २०२४ साली मिळाली, आणि तो चौदा दिवसांपुढचं काम घेत नाही.) एका दुपारी बसून मी पंधरा दिवसांचे पंधरा मेसेज लिहून टाकले. एवढं सलग लेखन दिवाळी अंकासाठीही केलं नसेल.

आता घड्याळाचं पाहू. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. केळझर त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आमच्याकडे घड्याळात बारा वाजले तरी सूर्य माथ्यावर यायला सरासरी पंधरा मिनिटं बाकी असतात. रमजानचं वेळापत्रक घरात लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. नागपूरचा रोजा मुंबईच्या साधारण पंचवीस मिनिटं आधी सुटतो, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. ते एक करतानाही कटकट झालीच होती. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, पण मुंबईत ३९ मिनिटं मागे असलेली जुनी ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत रेंगाळत होती. एकाच शहरात दोन वेळा. भेट ठरवताना ‘कुठल्या घड्याळाने?’ असं विचारावं लागत असणार.

फोनातही अशा दोन वेळा नांदतात. पहाटे पाचचा गजर लावून तुम्ही मक्केला गेलात, तर तो मक्केच्या पाचला वाजतो. गजर स्थानिक घड्याळाचा नोकर. आधी लावलेला मेसेज तसा नाही. माझ्या फोनानं ‘सहा’ हा आकडा लक्षात ठेवला नव्हता, तो क्षण लक्षात ठेवला होता. म्हणून मक्केत उतरल्यावर यादी उघडली, तर प्रत्येक मेसेजपुढे साडेतीन दिसलं. मी घाबरून दुरुस्त करायला निघालो होतो. केली असती तर मित्राला मेसेज साडेआठला मिळाला असता. तिथं पोहोचल्यावर नवा मेसेज लावायचा असेल तर मात्र हिशेब आपण करायचा, आणि तारखेकडे बघायचं. केळझरला पंधरा तारखेचा रात्रीचा एक म्हणजे तिथं चौदा तारखेचे साडेदहा.

अमेरिकेचं आणखी अवघड. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे. न्यू जर्सी उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिथल्या भाच्याचा वाढदिवस १० नोव्हेंबरला आणि शुभेच्छा तुम्ही ऑक्टोबरातल्या हिशेबानं लावून ठेवल्या, तर त्या ९ तारखेला रात्री अकरालाच जाऊन पडतात.

दुसरं असं की साधा मेसेज तुमच्या खिशातल्या फोनातूनच निघतो. फोन बंद असेल, किंवा तिथलं सिम घालण्यासाठी आपलं काढून ठेवलं असेल, तर तो जागचा हलत नाही. मी रोमिंग घेतलं होतं. महाग पडलं, पण मेसेज गेले.

आधी लिहून ठेवणं तसं जुनंच. तारेच्या काळात शुभेच्छांच्या तयार वाक्यांना नंबर होते, खिडकीवर नुसता नंबर सांगायचा. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मुंबईहून जेद्दाला हाजी घेऊन जाणारी जहाजं १९९५ पर्यंत चालली. त्या काळी हाजीचं पत्र घरी पोहोचायचं तेव्हा त्यातला मजकूर शिळा झालेला असे. पण पत्रावर तारीख असायची. वाचणाऱ्याला ठाऊक असे, की हे तेव्हाचं आहे.

माझ्या मेसेजवर तशी तारीख नव्हती. नवव्या दिवशीच्या ओळी वहिनीच्या चहावर होत्या. साखरेला महाग झालेला चहा, अशी काहीशी थट्टा. त्या रात्री दोनच्या सुमारास तिच्या छातीत कळ आली. वर्ध्याला न्यायला गाडी मिळेपर्यंत सारं संपलं. मक्केत तेव्हा रात्रीचे साडेअकरा, मी झोपलेला. सहाला, म्हणजे माझ्या साडेतीनला, माझ्या फोनानं आपलं काम चोख केलं. फजरच्या नमाजला उठलो तेव्हा मित्राच्या नावापुढे ‘पोहोचला’ असं दिसत होतं आणि त्याच्याखाली माझ्या मुलाचा निरोप होता.

मी फोन लावला. मित्र एवढंच म्हणाला, “आला तुझा.” मग बराच वेळ काही नाही.

उरलेले सहा मेसेज मी तिथंच बसून काढले. लावलेल्या मेसेजपाशी घड्याळाची खूण असते. तिच्यावर बोट ठेवलं की वेळ बदलू का, आत्ताच पाठवू का, काढून टाकू का, असं विचारतो. सहाही वेळा विचारलं. आता मी दवाखान्याची तारीख, वीजबिल, गाडीची वेळ असलं काहीही आधी लावून ठेवतो. माणसासाठीचं फार तर आदल्या रात्री, आणि सकाळी उठल्यावर यादी एकदा बघतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा मात्र जागा राहूनच देतो. भाचा हसतो.

परत आल्यावर भेटायला गेलो. आम्ही दोघंही त्या मेसेजचं नाव काढत नव्हतो. उठताना त्यानंच काढलं.

“त्या दिवशी फोन वाजला तसा सवयीनं आत गेलो तिला वाचून दाखवायला. बाया बसल्या होत्या भोवती. तेव्हा समजलं.” मग म्हणाला, “बाकीच्या सहा दिवसाचं काय लिवलं होतं गड्या?”

काढून टाकलं, म्हणालो. आठवत असेल ते सांग, म्हणाला. चार आठवले. ते त्याच्या जमाखर्चाच्या वहीत मागच्या पानावर लिहून दिले.