वळणावर मागून कोण कुरकुरतंय?

यू-टर्न घेताना गाडीचं बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.७ मीटर जास्त धावतं. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरून हा हिशेब आहे, आणि गंमत म्हणजे वळण ऐसपैस घ्या की आखूड, आकडा तोच! इंजिनाची ताकद मागच्या चाकांना मिळत असेल, तर ही तफावत सांभाळायला मागच्या अ‍ॅक्सलमध्ये डिफरन्शियल असतं. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकरने त्याचं पेटंट १८२७ मध्ये घेतलं, तेही वाफेच्या गाडीसाठी. पेट्रोलवरची मोटार यायला तेव्हा जवळपास साठ वर्षं होती.

सरळ रस्त्यावर डिफरन्शियलमधले छोटे गिअर, म्हणजे गॅरेजवाल्यांचे ‘स्टार’, एकमेकांवर फिरतच नाहीत. सगळा गठ्ठा एकत्र फिरतो. वळण आलं की ते कामाला लागतात. म्हणून बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो अशा गाडीत मागचा आवाज फक्त वळतानाच येत असेल, तर पहिला संशय स्टारवर आणि त्यांच्या वॉशरवर. सरळ जातानाही घूं-घूं येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडता ती बदलते? मग क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलला ताकद पोचवणारी गिअरची जोडी, बघा. तपासाची सुरुवात स्वस्तात होते: डिफरन्शियलच्या हाउजिंगचं ऑइल काढा. बऱ्याच गाड्यांच्या ड्रेन प्लगला लोहचुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लगदा दिसला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कपचे लागले तर मात्र हाउजिंग उघडायलाच हवं. ऑइलला येणारा गंधकाचा उग्र वास हा बिघाड नव्हे. दातांवरचा प्रचंड दाब सोसावा म्हणून गंधकाची संयुगं त्यात मुद्दाम घातलेली असतात.

स्विफ्ट किंवा आय-ट्वेन्टी असेल तर वरचा परिच्छेद सोडून द्या. तिथे ताकद पुढच्या चाकांना जाते, मागे डिफरन्शियलच नाही! मग वळताना मागून कट-कट कशी येते? बहुतेकदा ती पुढूनच येत असते. आवाज समोरून आला की मागून, हे ओळखण्यात माणसाचे कान कच्चे असतात, कारण दोन्ही वेळी तो दोन्ही कानांवर सारखाच पोचतो. त्यात पोलादातून आवाज हवेपेक्षा पंधरा-एक पट वेगाने पळतो आणि अख्खी बॉडी वाजायला लागते. मोकळ्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी अगदी हळू गोल फिरवा आणि कुणाला तरी सुरक्षित अंतरावर बाहेर उभं करा. कट-कट पुढच्या चाकातून निघत असेल तर तो सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा सांधा. त्याचा रबरी बूट फाटतो, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला चिकटतं आणि त्या फटीतून धूळ-पाणी आत शिरतं. बूट फाटल्याचं लवकर दिसलं तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं. कट-कट सुरू झाली की जॉइंटच बदलायचा. आल्फ्रेड झेपा या इंजिनिअरने १९२० च्या दशकात शोधलेला हा जॉइंट १९५९ च्या ‘मिनी’मुळे छोट्या गाड्यांत रुळला.

आता चाकाचं बेअरिंग. माझ्या मते घाटरस्त्यांच्या मुलखात सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे. वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण, आणि वळणावर तिचा सूर बदलतो. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे उजव्या वळणावर आवाज वाढला तर डावं बेअरिंग संशयित. वरंधा किंवा ताम्हिणी उतरताना हे आपसूक कळतं. चांगला मेकॅनिक गाडी जॅक आणि स्टँडवर घेतो, एका हाताने चाक फिरवतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर ठेवतो. बेअरिंग खराब असेल तर बारीक खरखर तळव्याला जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या आधी. मग टायर वर-खाली धरून हलवून बघतो. खेळ लागला तर घरी जाण्याआधीच बदलून घ्या, कारण अडकलेलं बेअरिंग चाक जाम करू शकतं. उंचसखल झिजलेले टायरही असेच गुणगुणतात, म्हणून पैसे मोजण्याआधी पुढची-मागची चाकं अदलाबदल करून एक फेरी मारावी. आवाज जागा बदलून पुढे आला, तर बेअरिंग निर्दोष!

काही आवाजांना तर पानाही लागत नाही. डिकीतला सैल जॅक. नीट न आवळलेली स्टेपनी. अर्ध्या टाकीत हेलकावणारं पेट्रोल, कारण टाकी बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालीच असते. मागे डिस्क ब्रेक असतील तर डिस्क आणि तिच्यामागच्या पातळ पत्र्यात अडकलेला खडा: वळताना किर्रर्र, आणि खडा काढून पत्रा जरासा मागे वाकवला की बंद. मॉलच्या गुळगुळीत तळघरात टायर किंचाळतात, तो दोष फरशीचा.

फोर-व्हीलवाल्यांसाठी खास. थार, जिम्नी अशा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. कोरड्या डांबरावर फोर-एच (चारही चाकांना ताकद) टाकून तीव्र वळण घेतलं की चाकं घासटतात, गाडी उडी मारल्यासारखी अडखळते आणि खालून कडकड येते. टू-एच (फक्त मागच्या चाकांना ताकद) घाला, गिअर सुटत नसेल तर चार-दोन फूट रिव्हर्स घ्या, ताण सैल होतो.

आणि लिमिटेड स्लिप डिफरन्शियल असेल तर पार्किंगमध्ये हळू वळताना येणारी घुरघुर बहुधा जुन्या किंवा चुकीच्या ऑइलची असते. आतल्या क्लच प्लेटा सरकण्याऐवजी अडकत-सुटत राहतात. कंपनीने सांगितलेलं ऑइल घर्षण सौम्य करणाऱ्या अ‍ॅडिटिव्हसह भरा आणि मैदानात हळूहळू इंग्रजी आठ काढा, लायसन्सच्या वेळी टू-व्हीलरवर काढतात तसाच. काही फेऱ्यांत ऑइल प्लेटांमध्ये शिरतं आणि घुरघुर विरते. तरीही राहिली, तर प्लेटा झिजल्यात, त्या बदला.