पासिंगचा निकाल नेमका कोणाचा?

जानेवारी २०१० मध्ये ब्रिटनमधल्या मोटारमालकांच्या हाती एक वेगळंच निकालपत्र पडलं. २००४ साली नोंदणी झालेल्या लोकप्रिय गाड्यांपैकी कोणत्या मॉडेलच्या किती गाड्या पहिल्याच सक्तीच्या तपासणीत नापास झाल्या, याचे आकडे त्यात होते. टोयोटा कोरोलाच्या शंभरातल्या सुमारे ११ गाड्या नापास झाल्या होत्या, रेनो मेगानच्या सुमारे २८. दोन्ही घरगुती वापराच्या, साधारण एकाच आकाराच्या आणि जेमतेम तीन वर्षं वापरलेल्या गाड्या.

हे आकडे सुखासुखी मिळाले नव्हते. बीबीसीने ते माहितीच्या अधिकाराखाली मागितले, तेव्हा कंपन्यांच्या व्यावसायिक हिताला धक्का बसेल असं सांगून तपासणी यंत्रणेने नकार दिला. प्रकरण माहिती आयुक्तांकडे गेलं, कौल बीबीसीच्या बाजूने लागला आणि मॉडेलवार आकडेवारी बाहेर आली. आज तिथे कोट्यवधी तपासण्यांची माहिती, मालकांची नावं वगळून, सर्वांसाठी खुली असते. तिच्यावरून ‘सर्वांत भरवशाच्या जुन्या गाड्या’ अशा याद्या निघतात आणि सेकंडहँड गाडीच्या शोधातला माणूस त्या हमखास चाळतो. नोकरीनिमित्त ब्रिटनला गेलेली मराठी कुटुंबंही त्याला अपवाद नाहीत. कोरोला पास, मेगान नापास. मग कोरोला घ्यावी, विषय संपला. पण विषय तिथे संपत नाही.

ही तपासणी एमओटी या नावाने ओळखली जाते. अर्नेस्ट मार्पल्स वाहतूकमंत्री असताना १९६० साली ती सुरू झाली. तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग पाहत. पहिल्याच फेरीत इतक्या गाड्या नापास झाल्या की, पुढच्याच वर्षी वयाची अट सात वर्षांवर आणावी लागली. १९६७ मध्ये ती तीन वर्षांवर आली. टायरची तपासणी १९६८ मध्ये जोडली गेली. अलीकडे पहिली तपासणी चौथ्या वर्षी करावी का, यावर सरकारने लोकांची मतं मागवली होती. पण जानेवारी २०२४ मध्ये तीन वर्षांची अट कायम ठेवायचं ठरलं. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर तपासणीचं काम परवानाधारक खासगी गॅरेजं करतात आणि त्यांच्यावर डीव्हीएसए या सरकारी यंत्रणेची देखरेख असते. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र गाडी सरकारी केंद्रातच न्यावी लागते.

साध्या मोटारीसाठी गॅरेजला जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात. त्या पैशांत तपासनीस गाडी लिफ्टवर चढवतो, टॉर्च घेऊन खाली शिरतो आणि गंज, गळती, सस्पेन्शनचे जॉइंट, स्प्रिंगा, ब्रेकचे पाइप पाहतो. चाकं रोलरवर ठेवून ब्रेक किती जोर धरतात ते मोजलं जातं. टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. पुढच्या काचेचे नियम तर पट्टी घेऊन आखलेले आहेत. स्टिअरिंगच्या मध्याशी जुळणारा २९० मिलिमीटर रुंदीचा उभा पट्टा चालकाच्या नजरेसमोरचा मानतात. वायपर फिरतो त्या भागात, या पट्ट्यात १० मिलिमीटरपेक्षा मोठा तडा चालत नाही. पट्ट्याबाहेर ४० मिलिमीटरपर्यंत चालतो. म्हणजे तोच खडा, तोच तडा, पण चार बोटं इकडेतिकडे झाला की निकाल बदलतो.

दर दहांपैकी साधारण तीन गाड्या पहिल्या खेपेला नापास होतात. कारणांच्या यादीत चार नावं कायम वर असतात: दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर. मॉडेलच्या टक्केवारीची खरी गोम या चार नावांतच आहे.

नंबरप्लेटवरचा दिवा गेला असेल, तर त्यात गाडी बनवणाऱ्याचा दोष तो काय? वायपरचं रबर फाटलंय, काच धुण्याच्या टाकीत पाणी नाही, टायर गुळगुळीत झालाय, या सगळ्या मालकाच्या आदल्या दिवशीच्या दहा मिनिटांच्या गोष्टी. त्यांच्यावरून नापास झालेली गाडी आणि कमकुवत स्प्रिंग तुटल्यामुळे नापास झालेली गाडी टक्केवारीत शेजारीशेजारी बसतात. एखाद्या मॉडेलच्या पुढच्या स्प्रिंगा पाचव्या-सहाव्या वर्षी वारंवार तुटत असतील, किंवा हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेल्या मिठाने तिचे ब्रेकचे पाइप इतरांआधी गंजत असतील, तर तो मॉडेलचा दोष. बल्ब गेला, तर तो आळसाचा. टक्केवारी हा फरक करत नाही. नापास होण्याच्या कारणांची फोड करते.

दुसरी मेख धावण्याची. लंडनमध्ये टॅक्सीसेवांना जुंपलेली टोयोटा प्रियस आणि आठवड्यातून दोनदा बाजारहाटाला निघणारी होंडा जॅझ यांचं वय कागदावर सारखं असू शकतं. मैल मात्र कित्येक पटींनी वेगळे असतात. वय सारखं धरून केलेल्या यादीत जास्त पळणारी गाडी उगाच बदनाम होते.

जर्मनीतल्या निकालांमध्ये हीच गोष्ट अधिक ठसठशीत दिसते. तिथे तपासणी दर वर्षी नसते. नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी. ट्यूफ या तपासणी संस्थांची मुळं १८६६ मध्ये मानहाइमला स्थापन झालेल्या, वाफेच्या बॉयलरांची तपासणी करणाऱ्या संघटनेत आहेत. आदल्या वर्षी त्याच शहरात बॉयलरचा भीषण स्फोट झाला होता. आज ट्यूफच्या संस्था मिळून दर वर्षी मॉडेलवार अहवाल काढतात. त्यात पोर्शे ९११ अनेक वर्षं वरच्या पायरीवर राहिली आणि डासिया लोगन तळाशी. पोर्शे उत्तम बनवलेली गाडी आहे, यात वाद नाही. पण ती बहुधा घरातली दुसरी-तिसरी गाडी असते, कमी धावते, बंद गॅरेजमध्ये झोपते आणि तिच्या सर्व्हिसिंगमध्ये मालक हात आखडता घेत नाही. लोगन ही मुळात स्वस्तात मस्त म्हणून घेतलेली गाडी. हमी संपली की तिच्या सर्व्हिसिंगवरही कात्री चालते. दोघींच्या निकालात पोलाद आणि वेल्डिंगइतकाच मालकाच्या खिशाचाही वाटा आहे.

हल्ली तळाची जागा टेस्लाने घेतली आहे. ट्यूफच्या २०२६ च्या अहवालात दोन ते तीन वर्षांच्या गाड्यांमध्ये टेस्ला मॉडेल वायच्या १७.३ टक्के गाड्यांत गंभीर दोष सापडले. पहिल्या आलेल्या माझदा २ मध्ये हेच प्रमाण २.९ टक्के होतं. इंजिनाची कटकट नसलेली गाडी तपासणीत का गळपटते? तक्रारी ब्रेक, दिवे आणि सस्पेन्शनच्या आहेत. इलेक्ट्रिक गाडीचा वेग कमी करताना मोटर उलटी वीज तयार करते, त्यामुळे नेहमीच्या ब्रेकवर काम कमी पडतं आणि न वापरलेल्या डिस्क गंजतात. शिवाय टेस्लाला ठरावीक मुदतीच्या सर्व्हिसिंगची सक्ती नाही, म्हणून दोष तपासणीच्या दिवसापर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही. पण सगळा दोष विजेच्या माथी मारावा, तर त्याच अहवालात इलेक्ट्रिक मिनी कूपर एसई अवघ्या ३.५ टक्क्यांवर आहे. इथे मात्र बोट मॉडेलकडे आणि कंपनीच्या देखभालीच्या धोरणाकडेच जातं.

तपासणी काय पाहत नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. एमओटीत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांची स्थिती तपासली जात नाही. क्लच अखेरच्या घटका मोजत असला, तरी गाडी पहिल्या खेपेत पास होऊ शकते. प्रमाणपत्र एवढंच सांगतं की, तपासणीच्या दिवशी ही गाडी रस्त्यावर आणण्याइतकी सुरक्षित होती.

म्हणूनच ब्रिटनमधले जाणकार खरेदीदार मॉडेलच्या टक्केवारीपेक्षा त्या एका गाडीच्या इतिहासाला जास्त भाव देतात. सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की, दर वर्षीचा निकाल, नापास झाल्याची कारणं आणि त्या दिवशीचं मीटरवरचं अंतर फुकट दिसतं. मे २०१८ पासून दोषांची वर्गवारी ‘धोकादायक’, ‘मोठा’ आणि ‘किरकोळ’ अशी आहे; पहिल्या दोन्हींत गाडी नापास. त्याखेरीज सूचनावजा शेरे असतात. खरं वाचायचं ते हे शेरे. समजा, तीन वर्षं ओळीने ‘मागचा ब्रेकपाइप गंजू लागला आहे’ असा शेरा आहे आणि चौथ्या वर्षी त्याच कारणाने गाडी नापास झाली आहे. मालक कोणत्या जातकुळीचा आहे, हे तेवढ्यावरून कळतं. उलट शेरा एकदाच येऊन पुढच्या वर्षी गायब झाला असेल, तर बहुधा काम वेळेत झालेलं असतं. मीटर मागे फिरवण्याची लबाडीही इथेच उघडी पडते: मागच्या वर्षी ७२ हजार मैल आणि यंदा ५१ हजार, असं काही दिसलं तर त्या गाडीपासून चार हात लांब राहावं.

महाराष्ट्रात टॅक्सी, टेम्पो, ट्रक दर ठरावीक मुदतीने पासिंगला जातात; खासगी मोटारीला मात्र नोंदणीनंतर १५ वर्षांनी, नूतनीकरणाच्या वेळी ती पायरी चढावी लागते. गाडीचा नंबर टाकून फिटनेस, विमा आणि पीयूसीच्या मुदती मोबाइलवर पाहता येतात. पण गाडी तपासताना काय सापडलं, त्या दिवशी मीटर किती होतं, हे तिथे उमगत नाही. त्यामुळे आपल्याकडे गाडी पाहायला जाताना सर्व्हिसिंगची बिलं मागून घ्या आणि त्यांवरच्या तारखा व किलोमीटर ओळीने जुळतात का ते पाहा. ब्रिटनमध्ये घेत असाल, तर एमओटीचा सगळा इतिहास, शेऱ्यांसकट, घरूनच वाचून निघा. आणि दोन्हीकडे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स पाहायला विश्वासातला मेकॅनिक सोबत न्या, कारण ते काम कोणतीही यादी करून देत नाही.