वैनगंगेकाठची नौकाशाळा

पोंभुर्णा तालुक्याच्या पूर्वेस वैनगंगा वाहते, पलीकडच्या तीरावर चामोर्शी तालुका लागतो, आणि १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली हा निराळा जिल्हा झाल्यावर ही नदी दोन जिल्ह्यांची हद्द ठरली, तरी दोन्ही तीरांवरच्या माणसांनी ती हद्द कधी फारशी मनावर घेतली नाही. सोयरीक, मजुरी, बाजार आणि मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा या सर्वांसाठी ती पूर्वापार नदी ओलांडीत आली आहेत; आणि जिथे पूल दूर पडतो तिथे ती आजही लाकडी डोंग्यातून ओलांडतात. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूर गावाच्या मजूर स्त्रिया मिरची तोडण्यासाठी अशाच एका नावेतून पैलतीराकडे निघाल्या असता ती नाव नदीत उलटली आणि त्यांच्यातील बहुतेक जणी बुडाल्या. पौष महिना, पूर ओसरून गेलेला, दिवसाउजेडीची वेळ, रोजची वाट. तरीही हा अनर्थ ओढवला, ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक गावाने आणि समाजसेवेचे व्रत घेतलेल्या प्रत्येक तरुण मंडळाने स्वतःच्या अंतःकरणाशी ताडून पाहावी अशी आहे.

पुराची गोष्ट आणखी वेगळी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे तेहेतीसही दरवाजे उघडावे लागले, तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली आणि माणसे बोटींतून बाहेर काढावी लागली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरास असते, आणि तेथून पोंभुर्ण्यापर्यंतचा रस्ता दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. तो रस्ता पुराच्या दिवसांत ठिकठिकाणी नाल्यांवरच्या पाण्याने अडलेला असतो. म्हणजे पहिले काही तास, आणि बहुधा तेच जीवनमरणाचे तास, गावाने गावालाच सांभाळायचे असतात. केंद्र सरकारच्या आपदा मित्र योजनेमागे हाच विचार आहे. २०१६ साली पूरप्रवण अशा तीस जिल्ह्यांपुरती प्रायोगिक म्हणून सुरू झालेली ही योजना पुढे साडेतीनशे जिल्हे आणि एक लाख स्वयंसेवक एवढी विस्तारली. बारा दिवसांचे प्रशिक्षण आणि जीवरक्षक जाकिटासह साहित्याचा एक संच त्यांना मिळतो. योजना चांगली आहे. परंतु बारा दिवसांत भूकंप, आग, सर्पदंश, प्रथमोपचार आणि पूर हे सारेच उरकायचे असल्याने नौकेच्या वाट्याला येणारा वेळ अगदीच थोडा उरतो, आणि हा उणा भाग भरून काढणे हे स्थानिक मंडळांचे काम आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

हे काम सभागृहात होत नाही. गुरुत्वमध्य खाली असावा, भार दोन्ही बाजूंस समान असावा, नावेचा काठ पाण्यापासून वीतभर तरी वर राहावा, ही तत्त्वे फळ्यावर पाच मिनिटांत सांगून होतात. पण डोंगा डावीकडे कलला की घाबरलेले शरीर आपोआप उजवीकडे झेप घेऊ पाहते आणि त्या झेपेनेच नाव उलटते, हे ज्ञान शरीराला स्वतः पाण्यावर बसल्यावाचून प्राप्त होत नाही. वल्हे मारण्याचे सामर्थ्य दंडांत नसून पाठीत आणि टेकवलेल्या पावलांत असते, हेही हाताला फोड येईपर्यंत कोणाला पटत नाही.

पाण्याची परंपरा नसलेल्या माणसाला हे साधणार नाही, ही शंका मात्र मनातून काढून टाकावी. नाशिक जिल्ह्यातील चांदवडसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यातला दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या कुटुंबात वाढला, सैन्यात गेल्यावर वल्हे हाती धरले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिक स्पर्धेत भारताचा एकमेव नौकापटू म्हणून उतरला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मुळा नदीवरचा बोट क्लब विद्यार्थीच चालवतात. नावांची डागडुजी, नवशिक्यांचे शिक्षण आणि १९२८ पासून होत आलेला रेगाटा हा सारा पसारा वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांच्या स्वाधीन करीत जातात. इंग्लंडात १८२४ साली स्थापन झालेल्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेची भिस्तही मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे. शिक्षक, दुकानदार, सुतार अशी माणसे पूल या बंदरातील तिच्या महाविद्यालयात येतात आणि तेथील कृत्रिम लाटांच्या तलावात उलटलेली बोट सुलटी करण्याचा सराव करतात.

आपल्याकडे कृत्रिम तलाव बांधण्याची गरज नाही. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी आदी समाजांनी धानाच्या शेतीसाठी ते बांधले, मालगुजारांच्या ताब्यात ते वाढले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाल्यावर सरकारजमा होऊन ‘मामा तलाव’ या नावाने रूढ झाले. पहिल्या धड्यांसाठी याहून योग्य जागा नाही. प्रवाह नाही, तळ परिचित, आणि पाळीवरून शिक्षकाला सारे पाणी एका नजरेत दिसते. परंतु तलाव मोकळा दिसला म्हणून तो बेवारस समजू नये. बहुधा तो मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे ठेक्याने असतो, त्यात जाळी टाकलेली असतात, आणि शिंगाड्याचे वेल पसरले असतील तर वल्हे त्यांत गुरफटून मजुराच्या मेहनतीचे नुकसान होते. म्हणून संस्थेची संमती आणि ग्रामपंचायतीची लेखी परवानगी घेऊन, तहसील कचेरीस व पोलीस ठाण्यास अर्जाची एक प्रत देऊन, वेलींपासून मोकळा असा एक कोपरा बांबू रोवून आखून घ्यावा. काळ कार्तिक ते फाल्गुन हा उत्तम. आणि जंगलपट्टीतला तलाव असेल तर दिवस मावळण्यापूर्वी माणसे घरी परतलेली असावीत, कारण ती वेळ वाघाच्या आणि अस्वलाच्या पाण्यावर येण्याची असते.

शिक्षक कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीही लांब जावे लागत नाही. या भागातील ढिवर समाजाच्या पिढ्यान् पिढ्या डोंग्यावर गेल्या आहेत. पाण्याच्या पृष्ठावरची एक बारीक सुरकुती पाहून खाली खडक आहे की वाळूचा उंचवटा, डोह कुठे सुरू होतो, काल धरणाचे पाणी सुटले होते की नाही, हे म्हातारा नावाडी बांबू पाण्यात न घालता सांगतो. हे शास्त्र कोणत्याही पुस्तिकेत उतरलेले नाही. मंडळाने अशा दोघातिघांना मानाने पाचारण करावे, त्यांची मजुरी बुडते तेवढे मानधन रोजच्या रोज हातावर ठेवावे, आणि जीवरक्षक जाकीट, दोरफेक, कृत्रिम श्वासोच्छ्वास या नव्या विद्येसाठी आपत्ती दलाच्या किंवा जिल्हा प्रशासनाच्या प्रशिक्षकास त्यांच्या शेजारी उभे करावे. दोघांपैकी एकटा कोणीही पुरेसा नाही. नावाड्याला पाणी कळते, परंतु जन्मभर जाकिटावाचून वावरल्यामुळे त्याला त्याची आवश्यकता वाटत नाही. बाहेरच्या प्रशिक्षकाला नियम पाठ असतात, परंतु हा डोह त्याने पाहिलेला नसतो.

पहिला दिवस काठावरच जावा. जाकीट अंगात घालून, पट्टे आवळून, दुसऱ्याने ते खांद्याशी धरून वर ओढून पाहावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यात पडताक्षणी डोक्यावरून निघून जाणार हे निश्चित समजावे. पुष्कळ ठिकाणी जाकिटे छातीशी नुसती अडकवलेली आणि खालचे पट्टे लोंबत असलेले आढळतात. असे जाकीट घालणे आणि न घालणे सारखेच. जाकिटांतही भेद आहे. पन्नास न्यूटनचे जाकीट पोहणाऱ्याला आधार देते, दीडशे न्यूटनचे शुद्ध हरपलेल्या माणसाचेही तोंड वर फिरवून धरण्यास बनवलेले असते, आणि घेताना हा आकडा आतल्या पट्टीवर वाचूनच घ्यावे. त्यानंतर जाकिटासह कमरेएवढ्या पाण्यात उतरून पाठीवर तरंगणे. मग डोंग्यात चढणे: दोन्ही हात दोन्ही काठांवर, पाऊल मध्यभागी, कंबर वाकलेली, आणि एका वेळी एकच माणूस. एका डोंग्यात चार शिकाऊ आणि एक नावाडी याहून अधिक भरती करू नये, उमेदवार कितीही असले तरी. सरळ नेणे, वळवणे, थांबवणे आणि उलटे वल्हवणे हे चारही हातात बसले की मुद्दाम, काठाजवळ, सर्वांच्या देखत नाव उलटवावी. उलटलेली लाकडी नाव बहुधा बुडत नाही, तिला धरून राहावे, पोहत काठ गाठण्याचा मोह टाळावा. हा धडा ज्याने एकदा स्वतःच्या अंगाने घेतला त्याला खऱ्या प्रसंगी तो आठवावा लागत नाही.

यानंतर नदी. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून गुडघ्याच्या वर पाणी असेल तर वेगवान प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. पाय खडकात अडकला तर पाणी माणसाला वरून दाबून धरते. वाहून जाताना पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेने, ही रीत. नदी ओलांडताना नावेचे तोंड प्रवाहाच्या विरुद्ध, किंचित पैलतीराकडे तिरपे धरले की पाणी स्वतःच तिला पलीकडे ढकलीत नेते. सरळ पैलतीरावर नेम धरणारा नवशिका दूर खाली कुठेतरी जाऊन लागतो. हा तिरपा कोन ढिवर नावाडी सहजपणे राखतो, आणि शिकाऊ त्याच्या शेजारी बसून मनगटाकडे पाहत राहिला तर तो कोन त्यालाही उमगतो. बुडणाऱ्याला वाचवताना काठी, मग दोर, मग नाव, आणि पाण्यात उडी सर्वांत शेवटी, हा क्रम जगभर मान्य आहे. माणसाला नावेत घ्यायचे ते मागच्या टोकाकडून; बाजूने ओढले तर वाचवणारेच पाण्यात जातात. रबरी बोटीवर इंजिन असेल तर माणूस जवळ येताच ते बंद करावे, आणि चालवणाऱ्याने इंजिनाला जोडलेली तांबडी दोरी मनगटास अडकवल्याखेरीज ते सुरू करू नये, म्हणजे तो पडला तर इंजिन आपोआप थांबते.

या सर्व व्यवस्थेत एक उणीव हमखास राहते, आणि ती मला फार सलते. शिबिरास येतात ते तरुण मुलगे. नावेतून रोज ओलांडतात त्या मजुरीस जाणाऱ्या बायका. ओले लुगडे पायांभोवती गुंडाळले गेले की पोहता येणारीलाही पाय हलवता येत नाहीत. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी, मिरचीच्या किंवा धानकापणीच्या टोळ्यांना घाटावरच दोन सकाळी एकत्र करून, लुगड्यावरून जाकीट कसे बांधायचे, कासोटा कसा आवळायचा, खाली तळाशी बसून कसे राहायचे, आणि नावाड्याने अधिक माणसे घेतली तर उतरून उभे राहण्याचा आपला हक्क आहे, हे त्यांना करवून घेऊन शिकवावे. बचत गटांतील स्त्रियांपैकी काहींनी वल्हे हाती घेतले तर तो फार मोठा लाभ होईल. डोंग्याचा ताबा एकाच माणसाच्या हाती असतो, आणि तोच पाण्यात पडला तर उरलेल्यांना काय करावे हे कोणीच सांगितलेले नसते.

शिबिर संपले म्हणजे मंडळाचे काम संपत नाही. हजेरीची नोंदवही, कोणी कोणता धडा पुरा केला याची नोंद, विम्याचे कागद, आणि सर्वांचे फोन क्रमांक तालुक्याच्या नियंत्रण कक्षात पोहोचते करावेत. मृग लागण्यापूर्वी ज्येष्ठात एक दिवस पुन्हा तलावावर उजळणी घ्यावी, जाकिटांच्या शिवणी आणि शिट्ट्या तपासाव्यात, उन्हाने करपलेला दोर निकालात काढावा. बोट पंचायतीच्या गोदामात ठेवायची असेल तर त्या गोदामाची एक किल्ली सरपंचाकडे आणि दुसरी नदीपासून सर्वांत जवळ राहणाऱ्या स्वयंसेवकाकडे असावी, कारण गोसीखुर्दचे पाणी सुटल्याचा निरोप रात्री दोन वाजताही येतो.