शिवारात उतरणारी प्रयोगशाळा

हिवाळा आला की धाराशिव, लातूर, सोलापूरकडच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर कधीतरी चार ओळींचे एक आवाहन दिसते. हैदराबादहून संशोधनासाठी मोठे फुगे सोडले जाणार आहेत, त्यांची उपकरणे जिल्ह्यात कुठेही उतरू शकतात, सापडल्यास हात न लावता पोलीस ठाण्याला किंवा टपाल कार्यालयाला कळवावे. निविदा सूचनांच्या गर्दीत हा मजकूर बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. पण मुंबईत कुलाब्याला बसलेल्या एखाद्या भौतिकशास्त्रज्ञाची कित्येक वर्षांची मेहनत या चार ओळी कुणी वाचल्या की नाही, यावर अवलंबून असते.

हे फुगे सोडते टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. संस्थेचे मुख्य केंद्र कुलाब्यात आणि फुगे उडवण्याचे केंद्र हैदराबादला. पॉलिथिनच्या अतिशय पातळ पापुद्र्याचा, हायड्रोजन भरलेला हा फुगा वर जाऊन पूर्ण फुलला की त्याचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो. म्हणजे पंधरा-वीस मजली इमारत सहज पोटात मावेल एवढा. तो ३० ते ४२ किलोमीटर उंचीवर जातो. विमाने उडतात त्याच्या तिप्पट-चौपट उंच.

एवढा खटाटोप कशासाठी? ताऱ्यांचा जन्म ज्या धुळीच्या ढगांत होतो, ते ढग दूर-अवरक्त किरणांत चमकतात. आपल्या हवेतली वाफ हे किरण जमिनीपर्यंत येऊच देत नाही. तीस किलोमीटरवर मात्र हवेचा सुमारे ९९ टक्के भाग पायाखाली राहतो. म्हणून टीआयएफआरच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण फुग्याखाली टांगली आणि वर्षानुवर्षे ती वर पाठवली.

अशा शास्त्रज्ञाचा दिवस कसा जातो, असे विचारले तर उत्तर फारसे रोमांचक नाही. आकाशाकडे बघण्यात त्याचा वेळ फार थोडा जातो. बराचसा जातो वायरी जोडण्यात, गळती शोधण्यात आणि वजनाचा हिशेब करण्यात. बॅटरी दोन किलोंनी वाढवली तर ते दोन किलो दुसरीकडून कमी करावे लागतात. किरण टिपणारा संवेदक द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांच्या आसपास थंड ठेवावा लागतो आणि हेलियम उडून जात राहतो. तो संपत आला की पुन्हा भरा. वर गेल्यावर काही बिघडले तर पाना घेऊन तिथे जाता येत नाही, त्यामुळे प्रत्येक जोड खालीच दहादा तपासायचा.

मग हंगामात सगळे सामान हैदराबादला जाते आणि सुरू होते वाट पाहणे. जमिनीलगत वारा जवळजवळ पडलेला हवा, म्हणून उड्डाण रात्री किंवा पहाटे. आधी छोटे फुगे सोडून वरचे वारे मोजतात. गणित जमले नाही तर मुक्काम लांबतो. घरी परत कधी, याचे उत्तर वाऱ्याकडे असते. ही माणसे आपल्या शेतकऱ्यांइतकीच आभाळाच्या लहरीवर जगतात, असे मला वाटते. फरक एवढाच, की त्यांना पाऊस नको असतो.

उड्डाणातही एक गोम आहे. हैदराबादवर सोळा-सतरा किलोमीटर उंचीला तापमान उणे ८० अंशांपर्यंत उतरते. युरोप-अमेरिकेच्या आकाशातही त्या उंचीवर सहसा एवढी थंडी नसते. तिथले प्लास्टिक इथे कडक होऊन फाटायचे, म्हणून आपल्याकडच्या थंडीला टिकणारा पापुद्रा मुद्दाम विकसित करावा लागला. फुगा तेवढ्या थरातून सुखरूप पार होईपर्यंत नियंत्रण कक्षात कुणाचे चहाकडे लक्ष नसते. नंतर काही तास दुर्बीण इकडे वळव, तिकडे वळव, असे आदेश रेडिओवरून जात राहतात. काम संपले की खालूनच आदेश देऊन दोर तोडतात आणि उपकरणे मोठ्या रंगीत हवाई छत्रीला लटकून खाली येतात.

कुठे येतात? हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरपर्यंत, ढोबळमानाने विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर या रेषेच्या आजूबाजूला. वरच्या थरातला वारा पूर्वेकडून वाहत असेल तर फुगा आपल्याकडे सरकतो. धाराशिव शहर हैदराबादपासून सरळ रेषेत पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अगदी टप्प्यात. उमरग्याची ज्वारी असो, तुळजापूरची तूर असो की बालाघाटाचा एखादा उतार. छत्री जागा निवडून उतरत नाही.

पूर्वी तर सगळेच या उतरण्यावर अवलंबून होते. होमी भाभांनी १९४०च्या दशकात बेंगळुरूत विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फुगे उडवले. पुढे टीआयएफआरमध्ये विशेष फोटोग्राफिक थरांचे गठ्ठे वर पाठवत. विश्वकिरणांच्या खुणा त्या थरांतच उमटत. गठ्ठा हरवला की प्रयोगच हरवला. आज बरीच माहिती रेडिओने खाली येते, पण सगळी नाही.

जयंत नारळीकरांचा प्रयोग आठवा. वातावरणाच्या वरच्या थरात सूक्ष्मजीव आहेत का, हे पाहण्यासाठी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून फुगे सोडले गेले. २० एप्रिल २००५च्या फुग्याखाली ४५९ किलोची उपकरणे होती. त्यांत निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रवरूप निऑनने थंड केल्या होत्या. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरली गेली. हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांत त्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला फ्रेड हॉईल यांचे, दुसरीला आर्यभटांचे आणि तिसरीला इस्रोचे नाव मिळाले. ते जिवाणू अवकाशातून आले की जमिनीवरून वर गेले, हा वाद मिटलेला नाही. पण उतरलेल्या नळीत शिवारातल्या हवेचा एक श्वास जरी शिरला असता, तरी वाद घालायलाही काही उरले नसते.

आकाशातून अनोळखी वस्तू उतरली की गाव घाबरणारच. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात एका परदेशी कंपनीची चाचणीची कुपी अशीच उतरली, तेव्हा बघ्यांची झुंबड उडाली होती. ती कुपीही हैदराबादच्या याच केंद्रातून गेली होती. भीतीपेक्षा मला भंगारवाल्याची काळजी जास्त वाटते. ॲल्युमिनियमचा सांगाडा दिसला की कुणाचा तरी हात शिवशिवतो. पण काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असू शकते. बिनतारी, बिनआवाजी पेटी असली तरी ती उघडणे धोक्याचे.

उपकरणे २० ते ४० मीटर लांबीच्या दोरीला बांधलेली असतात, त्यामुळे छत्री एका बांधावर आणि पेटी दुसऱ्याच्या शेतात, असेही होऊ शकते. पेटीवर कळवण्याचा पत्ता असतो. लांबून फोटो काढावा, गट नंबर सांगून ठाण्याला फोन करावा, पोरांना जवळ जाऊ देऊ नये. कळवणाऱ्याला बक्षीस आणि झालेला खर्च संस्था देते, असे त्या आवाहनातच लिहिलेले असते. हवामान खात्याचे छोटे फुगे वेगळे. त्यांच्यासोबतची हलकी पांढरी डबी हातात मावते. हे प्रकरण हातात मावणारे नाही, एवढे ओळखले तरी पुरे.