वाटेवरचे पाणी

रमजानचे रोजे प्रत्येक सज्ञान आणि निरोगी मुसलमानावर बंधनकारक आहेत. मुसाफिराला मात्र सवलत आहे. प्रवासात राहिलेले रोजे त्याने नंतर भरून काढावेत, असे कुरआनच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. जकात कोणाकोणाला द्यावी, याची आठ जणांची यादी नवव्या अध्यायात येते. त्यात शेवटचा मान वाटसरूचा. अरबीत त्याला ‘इब्न-उस-सबील’ म्हणतात, म्हणजे वाटेचा लेक. घरी तो सुखवस्तू असेल, पण परमुलखात अडला तर त्याला मदतीचा हक्क आहे.

मंडणगड तालुक्याला वाटसरू नवा नाही. सावित्री नदी इथेच बाणकोटला समुद्राला मिळते. वेसवीहून पलीकडे बागमांडल्याला फेरीबोट जाते. बोटीत किंवा एसटीत मगरिबची वेळ झाली की खजुराची पुडी उघडते आणि रोजा नसलेल्या शेजाऱ्याच्या हातावरही एक खजूर येतो. पाण्याची बाटली कोणाची, हे कोणी विचारत नाही. ते विचारले जायचे, तो काळ मात्र फार जुना नाही.

याच तालुक्यातले आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. प्रवासात भेटलेल्या अनोळखी माणसांच्या काही आठवणी त्यांनी इंग्रजीत लिहून ठेवल्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाल्या. १९०१ साली लहानगा भीमराव भाऊ आणि भाचरांसोबत वडिलांना भेटायला निघाला होता. मसूर स्थानकावर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. रात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सल्ल्यावरून, त्याने आपण मुसलमान असल्याचे सांगून उर्दूत पाणी मागितले. तरीही ते मिळाले नाही. पोरे तहानलेलीच झोपली.

दुसरी आठवण १९३४ ची, दौलताबादची. महिना रमजानचा होता. बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह किल्ला पाहायला आले होते. प्रवासात सगळे धुळीने माखले होते. दरवाजाजवळच्या हौदावर काहींनी तोंड आणि पाय धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान हौद बाटवल्याची ओरड करीत आले. गर्दी जमली, शिव्याशाप सुरू झाले. तुमचा धर्म हेच शिकवतो का, आणि आमच्यातला कोणी मुसलमान झाला तर त्यालाही या हौदावर अडवाल का, असे बाबासाहेबांनी विचारले तेव्हा आवाज खाली आले. किल्ला पाहायला मिळाला, पण यांनी कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई देण्यात आला.

हात, तोंड, पाय धुणे म्हणजे जवळजवळ वुजूच. एखाद्या जातीच्या माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते, असा नियम इस्लाममध्ये नाही. तो त्या गर्दीने आजूबाजूच्या समाजातून उचललेला होता. तहान म्हणजे काय, हे रोजेदाराला दिवसभर कळत असते. त्या दिवशी ते कळणेही कामी आले नाही.

सात वर्षे आधी महाडला मात्र वेगळे घडले होते. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेला आलेल्या परगावच्या लोकांवर हल्ला झाला. रस्ते अनोळखी, परतीची वाट अडलेली. त्यांच्यातल्या अनेकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. हिजरी १३४५ चा रमजान त्या मार्चच्या पहिल्या आठवड्यातच सुरू झाला होता, म्हणजे ती घरे रोजेदारांची होती. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली.

दोन्ही ठिकाणी महिना एकच, धर्म एकच, पाहुणेही त्याच समाजाचे. फरक पडला तो दारात उभ्या असलेल्या माणसामुळे.

आंबडव्याला आज दूरदूरहून माणसे येतात. कोकणातले ऊन आणि चढाचे रस्ते त्यांना सवयीचे नसतात. अशा वाटसरूला थांबवून पाणी विचारणे रोजेदारालाही जमते. त्याने रोजा तुटत नाही.